कौसाचा पहिला सीन

विसरलात ना? मला माहीतच होतं.

रात्री बघितलेल्या सिरीजमधला खुनी कोण, ते तुमचं पाठ असतं. कौसाबाई जाऊन आज वर्ष झालं, हे मात्र अडाणी म्हातारीनं सांगायचं.

मी सांगतेय, नात लिहितेय. शब्द माझे, अक्षरं तिची. मधेच हसते आणि काहीतरी गाळते, असा मला संशय आहे.

नव्या पोरांसाठी सांगते. कौसा म्हणजे काष्टीतली माझी मैत्रीण. पिच्चरची येडी. श्रीगोंद्याला थेटरात जाऊन पिच्चर बघायची आणि दुसऱ्या दिवशी खुरपताना आम्हाला सांगायची.

प्रेमाचे नाही. देवाचे नाही. सस्पेन्सचे.

तुम्ही त्याला आता सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणता. आम्ही 'डोक्याचे पिच्चर' म्हणायचो.

भुईमुगात आम्ही बायका ओळीनं बसायचो, जिची तिची पात, म्हणजे खुरपायची ओळ, धरून. कौसा मधोमध. तिचं खुरपं पुढं सरकेल तशी गोष्ट पुढं सरकायची. जी मागं राहील तिला ऐकू येणार नाही. म्हणून कुणी मागं राहायचंच नाही. शेतमालकाला वाटायचं, त्याच्या धाकानं काम होतंय. वाटू दे बिचाऱ्याला.

अख्खी पात संपायची, पण पिच्चरमधलं कुणी मरायचं नाही.

माणूस घरी आला. घड्याळ काढून ठेवलं. पाणी मागितलं. एवढंच. पण ती असं सांगायची की आमचा जीव त्या पाण्याच्या तांब्यात अडकायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, खून कधी हुनार?"

"आक्का, खून आदी दावला का लोक खून बघत्यात. मानूस कोन बघनार? आदी मानूस वळखू द्या. मग खून न्हाई झाला तरी भ्या वाटतं."

असाच एक दिवस तिनं नवा पिच्चर सुरू केला.

पहिला सीन.

बाई चुलीपाशी भाकरी थापतेय. दारात नवऱ्याच्या चपला वाजतात. बाई त्याच्या तोंडाकडं बघत नाही. चपलांकडं बघते.

सरळ काढल्या असतील, तर ताट वाढते.

एक जरी उलटी पडली असेल, तर काही बोलत नाही. पोरीच्या हातात वाटी देते आणि मागच्या दारानं शेजारी धाडते. विरजण आणायला.

कौसानं खुरप्याची माती झटकली. मग म्हणाली, "आन् घरात दूध तर न्हाईच."

सगळ्यांची खुरपी थांबली.

मारामारी नाही, रक्त नाही. नवऱ्याचं तोंडसुद्धा अजून दिसलं नव्हतं. तरी तो माणूस आम्हाला कळला. बाई कळली. पोर घराबाहेर का काढली, तेही कळलं.

बायका 'पुढं काय, पुढं काय' करत मागं लागल्या. कौसा म्हणाली, इंटरवल. पाणी पिऊन येऊ.

सगळ्या उठल्या. मंदा उठली नाही.

मंदा म्हणजे कौसाच्या शेजारघरची सून. दिवसभरात चार शब्द बोलली तरी खूप. खुरपं मातीत तसंच रुतवून बसली होती.

"मावशी, त्या बाईला माहेर हाय का?"

कौसानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदरानं तोंड पुसलं.

"पिच्चरमदी दावलं न्हाई. शेजार हाय पर."

घरी निघताना तिनं आम्हाला सगळ्यांना सांगितलं, आज माझ्याकडं शेंगा फोडायला या.

संध्याकाळी मंदाची पोरगी वाटी घेऊन कौसाच्या दारात आली. आणि या वेळेला तिच्यामागं मंदाही आली.

थोड्या वेळानं नवरा आला. ओट्यावर आमची अख्खी पात शेंगा फोडत बसलेली. एकीनंही त्याला शब्द विचारला नाही. फक्त फोडायचं थांबवलं आणि बघत राहिलो.

चपला न काढताच माघारी गेला.

सकाळी कौसा स्वतः मंदाला भिंगारला तिच्या भावाकडं पोचवून आली. मंदा त्या घरात परत कधी आली नाही. आज भिंगारला तिची स्वतःची खानावळ आहे. पोरगी नोकरीला लागली.

आता गंमत ऐका.

कौसा होती तेव्हाच, मागं एकदा, नातीनं मला तो पिच्चर मोबाईलवर लावून दिला. नाव सांगणार नाही, तुम्ही कामधंदा सोडून शोधत बसाल. चष्मा पुसून बसले. मोटार आली. बंगला आला. झगमगीत साडीतली बाई जिना उतरली.

चूल नाही. चपला नाहीत. वाटी नाही.

शेवटपर्यंत बघितला. कुठंच नाही.

तशीच उठून कौसाकडं गेले. ती शेंगदाण्याचं कूट करत होती.

"कौसे, त्या चपला कुठं गेल्या?"

"थेटरातच ऱ्हायल्या आसतील," म्हणाली. हात थांबला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते पोर वाटी घेऊन सारखं कुणाच्या दारात यायचं? दूध नसलेल्या घराला विरजण कोण देत होतं?

मी म्हटलं, मग मंदीला सरळ का नाही विचारलंस.

"इचारलं आसतं तर म्हनली आसती, न्हाई मावशी, पाय घसरून पडले. सोताबद्दल बाई खोटं बोलती, आक्का. पिच्चरमदल्या बाईबद्दल कशाला बोलंल?"

कौसे, नात मला लई थ्रिलर दाखवते. पहिल्या सीनला मी अजून चपला शोधते. तुझ्यासारखी सुरुवात कुणालाच जमत नाही बघ.

नात म्हणते, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं असतं. लिही बाई. भाव भरपूर आहे, श्रद्धा तर तिच्या खुरप्यावरसुद्धा होती.

आज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसणार आहोत. पेढे नकोत, केक तर नकोच. ज्याला जमणार नाही त्यानं वाटीभर दही पाठवा, घट्ट, पाणी न घालता. पोराच्या हातानं पाठवलं तरी चालेल.

दारात मंदा असेल, भिंगारहून मुद्दाम आलीय. वाटीच्या आधी ती पोराला आत घेईल.