सात नंबरचे पोहे

चहा ओता आधी. आणि एक कबूल करा, हे ऐकून कुणी माझ्याकडे दयेच्या नजरेनं बघायचं नाही. हसा हवं तर! मी इंदूरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, आणि मी जे करून बसले ते पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा करणार नाही.

आमच्याकडे नियम आहे. गोळी द्या, सुई टोचा, नाही तर खाणं थांबवा. आधी पेशंटलाच त्याचं नाव विचारायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. आमच्या वॉर्डच्या सीनियर सरोजताई तापाची साधी गोळी देतानाही, चार दिवस ओळखीच्या माणसाला म्हणतात, "नाव सांगा." माझं डोकं फिरतं! अहो ताई, त्याचं लग्न जमवायचंय का?

आणि गंमत ऐका. याच नियमावर गेल्या महिन्यात नव्या मुलींपुढे भाषण कुणी ठोकलं? मीच! टाळ्यासुद्धा घेतल्या.

तर त्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले. खिडकीजवळच्या सात नंबरच्या खाटेवर पाटी लटकत होती: 'उपाशी ठेवा'. अकरा वाजता हर्नियाचं ऑपरेशन. आणि त्या खाटेवर एक काका मांडी घालून, पोह्यांवर शेव पेरत बसलेले!

मी झडपच घातली. प्लेट हिसकावली.

"काका! आज तुमचं ऑपरेशन आहे!"

"माझं? अगं, माझं कसलं ऑपरेशन? मला आज सुट्टी मिळतेय. घरी चाललोय मी."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे कोण? मी दिघे! राजेंद्र नगरचा! छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे मी, खोटं कशाला बोलू?"

आता हेच मला सहन होत नाही. वय झालं की माणसाला वाटतं, आपलं सगळं बरोबर आणि कालची पोरगी मूर्ख. काका चिडून मनगट माझ्या नाकासमोर नाचवायला लागले. मी काय म्हणाले असेन?

"हात नाचवू नका, काका. बीपी वाढेल."

पट्टी त्याच मनगटावर होती हो! माझ्या नाकापासून चार बोटांवर!

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. "अगं सिस्टर, ह्यांना तर गुडघ्यासाठी..."

"काकू, तुम्हीसुद्धा? नवऱ्याच्या जिवापेक्षा पोहे मोठे झाले?"

काकूंनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मला वाटलं, पटलं. आता कळतंय, त्या बिचाऱ्या मलाच घाबरल्या होत्या.

हिसकावलेली प्लेट हातात गरमच होती. शेजारी आठ नंबरवर पटेलजी, महूकडचे शेतकरी, फार गरीब स्वभावाचे. टक लावून पोह्यांकडे बघत होते.

"बिटिया, हम खा लें? चलेगा?"

"अंकलजी, तुम्हाला नाही चालणार तर कोणाला? खा बिनधास्त!"

"पक्का ना?"

"अहो, मी सांगतेय ना!"

वर लिंबू पिळून दिलं मी. स्वतःच्या हातानं.

साडेदहाला स्ट्रेचर आलं. मागून सरोजताई फाइल घेऊन. दिघेकाकांसमोर थांबल्या आणि तेच ते, "नाव सांगा."

"अरविंद दिघे! कोणीतरी विचारलं एकदाचं!" काका ओरडले.

ताईंनी पट्टी पाहिली, फाइल पाहिली, मग शेजारी पाहिलं. पटेलजी बोटावरची शेव चाटत होते.

झालं होतं असं. सकाळी सहाला काकांना गुडघ्यावर ऊन हवं होतं आणि पटेलजींच्या डोळ्यांवर तेच ऊन येत होतं. दोघांनी प्रेमानं खाटा बदलल्या. उशा नेल्या, चपला नेल्या, थर्मास नेला. पाटी मात्र खाटेला बांधलेली, ती बिचारी कुठे जाणार?

सर्जननी एकाच वाक्यात पटेलजींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. पटेलजींचा मुलगा शेताची कामं टाकून आलेला. "पप्पा, आपने खाया क्यों?" "दो बार पूछा रे! सिस्टर ने निंबू भी निचोड़ा." मी जमिनीत जायला जागा शोधत होते.

मग चूक नोंदवायचा फॉर्म. एक रकाना होता: पेशंटनं आधी सावध केलं होतं का? लिहिलं, हो, तीनदा. पुढचा रकाना: कर्मचाऱ्यानं काय केलं? किती वेळ पेन चावलं. मग लिहिलं, 'गप्प बसवलं.' सरोजताईंनी वाचलं, सही केली. फॉर्म माझ्याच हातात दिला, फाइलला लावायला. त्यापेक्षा दोन ठेवून द्यायच्या होत्या!

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच हजर. पटेलजींना मीच नेणार! सरोजताई मागे उभ्या.

"अंकलजी, पूर्ण नाव सांगा." सांगितलं. पट्टी जुळली. फाइल जुळली. पोट रिकामं. "चला, स्ट्रेचरवर या."

पटेलजी हलेनात.

"हमारा तो हो गया. अब तू बता, तू कौन?"

"मी? कालचीच, अंकलजी!"

"वोई तो डर है. कार्ड दिखा."

मी ऐटीत गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला. कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"ये फोटो तो पीछे वाली बाई का है."

घाईघाईत मी खुंटीवरून सरोजताईंचं कार्ड गळ्यात अडकवून आले होते!

पटेलजी शांतपणे स्ट्रेचरवर चढले, आडवे झाले आणि ताईंना म्हणाले, "बाईजी, हम चलते हैं. पर पहले इस छोरी के हाथ में एक पट्टी बाँध दो."