शेवटच्या चौकडीतला ‘ना’

चहा गार होऊ द्या हवं तर, पण हे ऐकाच. माणसाला अक्कल जास्त झाली की तो कसा तोंडावर आपटतो, याचा नमुना शोधायला तुम्हाला लांब जायला नको. तो तुमच्यासमोर बसून बिस्किट बुडवतोय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी गिरगावातल्या चाळीत राहायचो, फोर्टात कारकुनी करायचो आणि संध्याकाळी आमच्या चाळीच्या समितीत मिरवायचो. समितीचे प्रमुख भाऊकाका. जमावबंदी चालू होती, त्यामुळे कुठे जमायचं हे परळच्या मंडळींना चिठ्ठीने कळवावं लागे आणि चिठ्ठी पोलिसांच्या हाती लागली की सगळंच मुसळ केरात.

“वसंता, तुझं गणित चांगलं आहे ना?” भाऊकाका म्हणाले. “मग काढ एखादी गुप्त भाषा.”

आता खरं सांगतो. महाराष्ट्र संयुक्त व्हावा असं मला मनापासून वाटत होतंच, पण त्याच सुमारास मी स्वतःही संयुक्त व्हायच्या विचारात होतो. परळच्या चिठ्ठ्या वाचायचं काम सुमती परब नावाच्या शाळेतल्या बाईंकडे होतं. त्यांना मी सभेत दोनदा लांबून पाहिलं होतं. हुशार, सडेतोड आणि हसल्या की खलास. त्यांच्यावर छाप पाडायची तर याहून बरी संधी कुठली?

मी चौकडी काढली. म्हणजे मजकुराची चार-चार अक्षरं तोडायची आणि प्रत्येक चौकडी उलटी लिहायची. ‘रविवारी’चं झालं ‘रीवाविर’. कसं वाटलं? एकेक अक्षर मोजत बसायला वेळ लागतो म्हणून मी बुशशर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चार खिडक्यांची पट्टी केली. खिडक्यांखाली उलटे आकडे. पट्टी सरकवत जायचं आणि अक्षरं उतरवत जायचं. भाऊकाकांचं पानाला चुना लावून होईपर्यंत माझी चिठ्ठी तयार. तशीच एक पट्टी परळला पाठवली.

एकच अडचण होती. शेवटची चौकडी अपुरी राहिली तर? तिथे भरीला ‘क्ष’ घालायचा असं ठरलं. सुमतीबाईंना तसं कळवलंही. चार-पाच चिठ्ठ्या सुरळीत गेल्या.

पण स्वस्थ बसेन तर तो मी कसला? माझ्या मनात आलं, दर चिठ्ठीत हा ‘क्ष’ उठून दिसतो. पोलिसांतल्या कुणाला शंका आली तर? भर कशी, बेमालूम पाहिजे. आपल्या बोलण्यात कुठेही चिकटणारं अक्षर कोणतं? ‘ना’. मी स्वतःवरच खूश झालो. इतका खूश झालो की हा बदल परळला कळवायचा राहून गेला.

पुढची चिठ्ठी होती, ‘रविवारी सकाळी हिंदमाताजवळ या’. मोजून बघा. एक अक्षर कमी पडतं. मी ‘ना’ ठोकून दिला.

परळला काय झालं ते मला मागाहून कळलं. सुमतीबाई घरात पट्टी लावून मोठ्याने वाचत होत्या. “रविवारी सकाळी हिंदमाताजवळ या...” आणि एकदम थांबल्या.

“फुडे काय?” त्यांचे थोरले बंधू आबा परब यांनी विचारलं. आबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि तालमीत जोर मारायचे.

“काही नाही.”

बहीण अशा आवाजात ‘काही नाही’ म्हणाली की भाऊ काय करतो? आबांनी पट्टी हिसकावून स्वतः वाचलं. जवळ या ना. तेही रविवारी सकाळी, साड्यांची दुकानं आणि सिनेमा थेटर आहे तिथे. चिठ्ठीत मोर्चाचा शब्द नाही. आबांनी अख्खी तालीम गोळा केली.

रविवारी मी नवा बुशशर्ट घालून भाऊकाकांबरोबर हिंदमाताला उभा. समोरून परळची ही फौज येताना दिसली. भाऊकाकांचा ऊर भरून आला.

“बघ वसंता, परळने शब्द पाळला,” असं म्हणून ते पुढे झाले आणि आबांना म्हणाले, “या, या. हा आमचा वसंता. तुमच्या भगिनींना चिठ्ठी लिहिली ती यानेच.”

माझी कॉलर आबांच्या मुठीत कधी गेली ते मला कळलंच नाही.

“माझ्या बहिणीक जवळ बोलावणारो तो तूच काय रे? सिनेमाक नेणार होतंस तिका?”

“अहो, ती भर होती,” मी म्हणालो.

“कसली भर?”

एवढ्यात कोपऱ्यावरचा हवालदार आला. इतकी माणसं का जमली, असं त्याने दरडावून विचारलं.

“घरचो मामलो आसा, साहेब,” आबा म्हणाले. “बहिणीचो प्रश्न आसा.”

हवालदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, “चालू द्या” म्हणाला आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला. भाऊकाकांचे डोळे चमकले. ते माझ्या कानाशी लागले. “वसंता, सुटू नकोस. लालबागची माणसं अजून यायची आहेत.”

म्हणजे बघा, मोर्चा जमेपर्यंत मी महाराष्ट्रासाठी कॉलर धरून घेत उभा होतो. बघे समजून हवालदार कुणालाच हटकेना. घोषणा सुरू झाल्या तेव्हा कुठे आबांची मूठ सैल पडली.

सुमतीबाई मागेच उभ्या होत्या. मी खिशातून पट्टी काढून, घाम पुसत, त्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“‘क्ष’ काय वाईट होता?” त्या म्हणाल्या. “त्याने निदान कुणी जवळ बोलावतंय असं वाटत नाही.”

आणि हसल्या. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी महिने काढले. चिठ्ठ्या चालू राहिल्या, ‘क्ष’ घालून. आबाही ओळख दाखवू लागले. मला वाटायला लागलं, जमतंय. आईला सांगायचे शब्दही मी मनात जुळवून ठेवले.

मग एक दिवस त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आली. वर एकच चौकडी, ‘यालाग्नाल’. मी पट्टी लावली.

लग्नाला या.

आईला सांगायचे शब्द ओठांवर आले. पण खाली, साध्या मराठीत, नवऱ्यामुलाचं नाव होतं. ते माझं नव्हतं.

तरी मी पट्टी पुन्हा लावून पाहिली. शेवटी एखादा ‘ना’ सापडला असता तर तेवढाच जिवाला आधार. पण बाईंचं काम चोख. चार खिडक्या, चार अक्षरं. भर घालायला जागाच नव्हती.