पाचवं पान

नव्वद सालानंतर मी मुरबाडजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. शाळेमागे गावातल्या एका म्हाताऱ्या काकांचं भाताचं शेत होतं. दर दोन वाक्यांनी ‘मी सांगतो ना’ म्हणायचे आणि आपलं म्हणणं कधी मागे घ्यायचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मागच्या डोंगरावर बॉम्बफेकी विमान कोसळलं, तेव्हा ते तिथे गुरं राखत होते. मेलेले गोरे गावानेच खाली आणले. दर सर्वपित्री अमावास्येला वडिलांच्या पानाशेजारी ते आणखी चार पानं वाढायचे, बिनतिखटाची.

“आपल्या रानात मेली पोरं. त्यांचं कोण करनार?”

एकदा पुस्तकात वाचून मी म्हटलं, “काका, तसल्या विमानात पाच जण असायचे.”

“चारच. मी सांगतो ना मास्तर, या डोळ्यांनी बघितली.” आणि विळ्याला धार लावत बसले.

पुढच्या सर्वपित्रीला गेलो, तर वडिलांच्या पानाशेजारी पाच पानं होती. पाचव्यावर भाताचा ढीग जरा मोठा दिसला.

“त्याला जास्त वाढलाय,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “इतकी वरसं उपाशी होता ना तो.”