ठरावातली शिवी

“ही नाराजी कोण?” लाडकीबायने विचारलं.

मी वाचता वाचता थांबलो. शाळेच्या पडवीत पाड्यातली साठ-सत्तर माणसं बसली होती. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलं होतं, ग्रामसभा सुरू झाली होती आणि मागच्या सभेत काय झालं ते मी वहीतून वाचून दाखवत होतो.

“कोण म्हणजे?”

“तू आताच वाचलंस ना. ‘ग्रामस्थांनी नाराजी व्यक्त केली.’ आमच्या पाड्यात नाराजी नावाची कोण बाय नाय.”

लोक हसले. मी समजावून सांगितलं, “आजी, नाराजी म्हणजे लोकांना राग आला.”

“कोणाला आला?”

“तुम्हाला.”

“मंग माझं नाव लिव. आन मी नाराजी नाय केली. मी शिवी दिली. पुऱ्या पाड्यानी ऐकली. ती कुठं गेली?”

मी ग्रामसेवक आहे. म्हणजे ग्रामपंचायतीचा सचिव. दाखले देणं, कर वसूल करणं, वरून येणाऱ्या योजना राबवणं आणि सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवणं ही माझी कामं. या लिहिलेल्याला इतिवृत्त म्हणतात. आम्ही बोलताना नुसतं ‘प्रोसिडिंग’ म्हणतो. ही गोष्ट २०१७ सालची, तलासरी तालुक्यातली. तेव्हा मला नोकरीत एकोणीस वर्षं झाली होती.

या एकोणीस वर्षांत ‘नाराजी’ या शब्दाने मला फार सांभाळलं. लोक निवडून आलेल्या माणसाला चोर म्हणाले, की मी लिहायचो, ‘तीव्र नाराजी’. बायका पदर खोचून उभ्या राहिल्या, की लिहायचो, ‘चर्चा झाली’. एकदा चप्पल फेकली गेली. तेव्हा मी ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं. वरच्या ऑफिसला माझं प्रोसिडिंग फार आवडायचं. कुठे खटका नाही, डाग नाही. माझ्या वह्या वाचल्या तर वाटावं, या गावात सगळे प्राध्यापक राहतात.

आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि इथे पेसा कायदा लागू आहे. त्यामुळे पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरते. तिचा अध्यक्ष सरपंच नसतो. जमलेले लोक त्या दिवसापुरता आपल्यातलाच एक जण अध्यक्ष म्हणून निवडतात. सचिव मात्र मीच. एरवी कोणीतरी गप्प बसणारा बाप्या अध्यक्ष व्हायचा आणि शेवटी सही करून घरी जायचा. त्या दिवशी कोणीतरी गंमत म्हणून लाडकीबायचं नाव घेतलं. सत्तरीची बाई, तलासरीच्या बाजारात भाजी विकणारी. तिने मात्र गंमत केली नाही. उठली, गुरुजींची खुर्ची ओढून पुढे आणली आणि तिच्यात बसून म्हणाली, “पयला विषय काय?”

पहिला विषय नेहमी तोच असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम करणे म्हणजे, लिहिलंय ते बरोबर आहे असं सभेने मान्य करणे. प्रत्यक्षात कोणी वाचत नाही. ‘वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य मी घरूनच लिहून आणतो.

“मंग वाच,” ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत मला ‘वाच’ असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्या वहीत काय होतं, ते आधी सांगायला हवं. पाड्याचा रस्ता हायवेला जिथे मिळतो तो फाटा. तिथे तलासरीची एसटी थांबते. निवारा म्हणजे एक ताडाचं झाड. त्याच्या खोडाची सावली पडेल तेवढ्या पट्टीत माणसं एकामागे एक उभी राहायची आणि सावली सरकली की रांगही सरकायची. मे महिन्याच्या सभेत लोकांनी फाट्यावर प्रवासी शेड मागितली. आमच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आलेले सदस्य बबनभाऊ दोन वर्षं फिरकलेही नाहीत, म्हणून लाडकीबायने त्यांना शिवी दिली. मी नाराजी लिहिली आणि शेडचा ठराव लिहिला.

त्याच संध्याकाळी बबनभाऊंचा फोन आला. “भाऊसाहेब, शेड देतो ना. फक्त जागेचं माझ्यावर सोडा. तसं एक वाक्य टाका.”

मी टाकलं. ‘जागा निश्चित करण्याचे अधिकार मा. सदस्यांना देण्यात आले.’ सभेत हे कोणीही बोललं नव्हतं. पैसे मी घेतले नाहीत. पण हे मी अभिमानाने सांगू शकत नाही. घेतले असते तर निदान कारण तरी देता आलं असतं. मी फक्त नाही म्हणालो नाही. बायको वाणगावला शिक्षिका, घर आशागडला. बदलीच्या भीतीने माझं पेन आपोआप चालायचं.

शेड दोन महिन्यांत उभी राहिली. सरकारी काम इतक्या झटपट झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ती उभी राहिली अच्छाडच्या बाजूला, फाट्यापासून दोन किलोमीटरवर, बबनभाऊंच्या मेव्हण्याच्या ढाब्यासमोर. तिथे एसटी थांबत नाही. शेडमध्ये चार टेबलं आणि एक तंदूर. वर पाटी, ‘प्रवासी निवारा, सौजन्य मा. सदस्य’.

आता शेडचं शेवटचं बिल अडलं होतं. काम लोकांच्या उपयोगी पडलं, असा दाखला ग्रामसभेने दिल्याशिवाय ते निघत नाही. विषय क्रमांक दोन तोच होता. बबनभाऊंनी सकाळीच बजावलं होतं, “साडेदहाला येतो. दाखला, फोटो, झालं.”

तर मी वाचत होतो. नाराजीवरून पुढे सरकलो. शेडचा ठराव वाचला. मग ते वाक्य आलं. मी ते गाळलं आणि थेट ‘आभार मानून सभा संपली’ वर गेलो.

“थांब,” लाडकीबाय म्हणाली. “मला वाचता येत नाय. पण तुझं बोट दोन ओळी उतरलं आन तोंड एकच ओळ बोललं. मधली वाच.”

मी मधली ओळ वाचली.

“हे कोण बोललं?”

“कोणीच नाही.”

“मंग लिवलं कोणी?”

“मी.”

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. फोनचं सांगितलं, बदलीच्या भीतीचं सांगितलं. म्हणालो, “आजी, मी त्या शेडमध्ये बसून जेवलोसुद्धा. बिल घेतलं नाही त्यांनी.”

“काय खाल्लंस?” मागून जान्याने विचारलं. जान्या हा पाड्यातला रिक्षावाला, त्याला सगळ्या ढाब्यांचे भाव पाठ.

“पनीर. आणि दोन नान.”

“बटर का साधी?”

“बटर.”

“पुरे आता,” लाडकीबाय म्हणाली. “तुझं पाप आयकत बसली तर माझी भाजी सुकून जाईल. लिव.”

प्रोसिडिंगमध्ये खाडाखोड चालत नाही. चूक असेल तर पुढच्या सभेत दुरुस्ती लिहायची असते. मी लिहिलं, ‘जागेबाबतचे वाक्य सभेत कोणीही बोललेले नव्हते. ते सचिवाने स्वतः लिहिले. ते रद्द करण्यात येत आहे.’ स्वतःविरुद्ध लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं.

“आता माझी शिवी लिव.”

तेवढ्यात पांढरी गाडी आली. बबनभाऊ उतरले. सोबत फोटोवाला आणि पेढ्यांचा डबा. त्यांनी हसत हसत विचारलं, “काय, कुठपर्यंत आलं?”

“तुझ्यापर्यंतच आलंय,” लाडकीबाय म्हणाली. “बस खाली.”

“आजी, मी सदस्य आहे.”

“आन मी अध्यक्ष हाय. खुर्ची एकच हाय.”

बबनभाऊ पेढ्यांचा डबा घेऊन पायरीवर बसले. मला हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, नेहमीसारखं लिहा ना. नाराजी.”

“ते रद्द झालं,” मी म्हणालो. मला वाटतं, नोकरीतलं माझं हे पहिलं धाडसी वाक्य. आवाज मात्र चिरका आला.

मग लोक बोलू लागले आणि मी लिहू लागलो. नावासकट लिहायचं ठरताच निम्म्या पुरुषांचा राग ओसरला. ज्याने मे महिन्यात सगळ्यात मोठ्याने शिव्या दिल्या होत्या तो म्हणाला, “माझा पोरगा होमगार्डमध्ये हाय. माझी आपली नाराजीच लिवा.” बायकांपैकी एकीनेही शब्द बदलला नाही. जान्या म्हणाला, “लिवा, आमच्या मतांवर कोंबड्या भाजतो.” बबनभाऊ मध्येच म्हणाले, “मेव्हण्याचा ढाबा शुद्ध शाकाहारी आहे.” त्यावर इतकं हसू फुटलं, की बबनभाऊंना डबा खाली ठेवावा लागला.

लाडकीबायची शिवी होती, “ह्याचा मुडदा बशिवला.” ती मी लिहिली. पण हाताला एकोणीस वर्षांचं वळण. लिहून झाल्यावर पाहिलं तर कागदावर होतं, ‘मा. सदस्यांचा मुडदा बसविण्यात यावा, असे श्रीमती लाडकीबाय यांनी सुचविले. त्यास सर्वांनी अनुमोदन दिले.’

मी ते वाचून दाखवलं. तिने मान हलवली. “आता बरोबर.” आणि अंगठा उठवला.

दाखल्याचा विषय एका ओळीत संपला. ‘शेड कोणाच्याही उपयोगाची नाही. ती फाट्यावर आणावी.’ फोटो निघाला नाही. पेढे मात्र संपले.

आठवड्याभरात बीडीओ साहेबांचा फोन आला. बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, आमचे तालुक्याचे साहेब.

“भाऊसाहेब, हे प्रोसिडिंग शुद्धीत असताना लिहिलंय का?”

“हो साहेब.”

“ग्रामसभेच्या प्रत्येक ठरावावर अनुपालन लिहावं लागतं, माहीत आहे ना? ठरावाचं काय केलं ते. ह्या मुडद्याच्या ठरावापुढे मी काय लिहू? ‘कार्यवाही चालू आहे’?”

“नको साहेब.”

“‘निधीअभावी प्रलंबित’?”

पलीकडून बारीकसा आवाज आला. साहेब खोकत होते की हसत होते, हे मला आजही माहीत नाही. मग गंभीर होऊन म्हणाले, “शिवीचं मी बघतो. पण जागेचं तुम्ही जे लिहिलंय ते गंभीर आहे. तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. उद्या पाहणीला जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शेडमध्ये बसलो. साहेबांनी वेटरला विचारलं, “एसटी किती वाजता?”

वेटर नवा होता. त्याने मेनू कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, ते आपल्याकडे नाही. तवा रोटी आहे.”

साहेबांनी हे वाक्य पाहणी अहवालात जसंच्या तसं घेतलं.

पुढचं सगळं भराभर झालं. दाखला नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून कंत्राटदार बबनभाऊंच्या मागे. शेड लोखंडी पाइप आणि पत्र्यांची होती. बोल्ट काढले, ट्रॅक्टरवर घातली आणि फाट्यावर आणून बसवली. बबनभाऊंनी तिचं दुसऱ्यांदा उद्घाटन केलं. भाषणात लोकशाहीची ताकद वगैरे सांगितली. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. एसटी आली होती आणि लोकांना तिच्यात चढायचं होतं. बबनभाऊंवर चौकशी बसली. ती बराच काळ बसूनच होती.

मला कारणे दाखवा नोटीस आली. म्हणजे, तुमच्यावर कारवाई का करू नये ते सांगा. मी उत्तरात लिहिलं, की करावी. ऑफिसातल्या क्लार्कने मला फोन करून विचारलं, “अहो, असं कोणी लिहितं का? याला आमच्याकडे फॉरमॅट नाही.” शेवटी एक वेतनवाढ रोखली. बदली झाली नाही. ज्या भीतीने ते वाक्य लिहिलं, ती गोष्ट घडलीच नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मन हलकं होईना, म्हणून एका सकाळी मी लाडकीबायच्या घरी गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती. मी उभ्यानेच म्हणालो, “आजी, मला माफी पाहिजे.”

“कशाची?”

“त्या वाक्याची.”

तिने शेंगा निवडणं थांबवलं नाही. “शेड आली. पण बसायला नाय. तासभर उभं राहून माझं गुडघं जातात. बाकडा पायजे. वही आणलीस?”

वही आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी नेली. पुढच्या ग्रामसभेत बाकड्याचा ठराव झाला. माफीचं ती पुढे कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकलो. कागदावर जागा लिहिलेली नसली, की सरकारी वस्तू आपोआप कोणाच्या तरी दारात जाऊन उभी राहते. म्हणून आता मी जागा लिहितो. ‘हायवेच्या डाव्या अंगाला, ताडापासून आठ पावलांवर, शेडच्या आत, तोंड रस्त्याकडे’, इतकं लिहितो. लिहिलेलं सभेतच वाचून दाखवतो. त्यात अर्धा तास जातो आणि लोक जांभया देतात.

बाकडा यायला अकरा महिने लागले. पण तो फाट्यावरच आला.