छायाताईंनी हत्ताहून आणलेला पाटा

दुबईतल्या अल कुसैसच्या छायाताईंना कुणाच्या सोन्याचा, गाडीचा, व्हिलाचा कधी हेवा वाटला नाही. वाटला तो एका पाट्याचा. हो, वाटण वाटतात तोच पाटा! मराठी मंडळातल्या लतिकाने तो कोल्हापूरहून घरसामानाच्या कंटेनरमधून आणला आणि तेव्हापासून छायाताईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

आणि का दुखू नये म्हणते मी! चौदा वर्षं या बाईने दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून अर्ध्या दुबईतल्या मराठी माणसांना चटण्या-मसाले पुरवले. मंडळाच्या प्रत्येक जेवणात चटणी त्यांचीच. आणि ही लतिका, येऊन जेमतेम दोन वर्षं, ग्रुपवर फोटो टाकते काय, ‘पाट्यावरची चटणी’ म्हणते काय, लोक आपले वा वा करत सुटले. “मिक्सरला ती चव नाही,” असं खुद्द नवरा, सूर्यकांतराव, जेवता जेवता बोलून गेले. त्या दिवशी त्यांना दुसरी पोळी मिळाली नाही.

जानेवारीत मंडळाची सहल दुबईबाहेर, डोंगरातल्या हत्ताला गेली. धरणाच्या पाण्यात कयाक, दोन्ही बाजूंना उघडेबोडके कडे. पुढच्या कयाकमधून गाइड हमीदा, मूळची हैदराबादची, ओरडून सांगत होती, “वो काली पट्टियाँ देखो! पिघला हुआ पत्थर था, लावा जैसा. दरारों में घुसा और वहीं जम गया. ये पूरा पहाड़ कभी समंदर के नीचे था!”

लतिकाने हमीदाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. छायाताईंच्या डोक्यात मात्र ‘लाव्हा’ शिरला तो तिथेच ठाण मांडून बसला. आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याचाच की! आपले पाटे त्याच दगडाचे! मग हा काळा दगड काय वेगळा असणार? हमीदा पुढे सांगत होती की पट्ट्यांच्या भोवतीचा हिरवट दगड निराळा, जमिनीच्या खोल पोटातून वर आलेला, पाणी मुरून मऊ पडलेला. ते कोण ऐकतंय!

परतताना रस्त्याकडेच्या कोरड्या ओढ्यात एक सपाट, हिरवट-काळी फरशी पडलेली दिसली. छायाताईंनी गाडी थांबवायला लावली.

“आई, प्लीज! इट्स जस्ट अ रॉक. एव्हरीवन इज वॉचिंग!” लेक ईश्वरी कळवळली.

“बघू देत.”

“अगं, माझी कंबर मोडेल,” सूर्यकांतराव म्हणाले.

“यल्ला, चला, उचला!”

सूर्यकांतरावांच्या साइटवरचा किसन, जतकडचा गवंडी, शुक्रवारी घरी येऊन त्या दगडाला छिन्नीने टाकी लावून गेला. “वहिनी, दगड लई मऊ लागतोय. छिन्नी आपसूक आत जातीय.”

“तुझा हातच चांगला आहे रे,” छायाताई म्हणाल्या आणि त्याला दुसरा चहा दिला.

पुढच्याच आठवड्यात मंडळाचं संक्रांतीचं जेवण होतं. छायाताईंनी ग्रुपवर आधीच जाहीर केलं, ‘या वेळी शेंगदाण्याची चटणी पाट्यावरची!’ पहाटे उठून, घाम गाळून वाटली. बोटाने चाखली तर दाताखाली कचकच लागली. खडेमीठ असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हेव्याने माणसाची जीभसुद्धा बधिर होते, दुसरं काय!

हॉलमध्ये पहिली पंगत बसली. छायाताई मुद्दाम लतिकासमोर जाऊन चटणी वाढून उभ्या राहिल्या. लतिकाने घास घेतला आणि कच्च असा आवाज झाला. शेजारचे गोपीनाथकाका तोंड वाकडं करून काही बोलणार, इतक्यात लतिका म्हणाली, “छायाताई, अजून वाढा ना. मला नाही जमत हो अशी.”

काकांनी घास गिळून टाकला. लतिकाने दर घासाला पाण्याचा घोट घेत ती सगळी चटणी संपवली.

छायाताईंचं तोंड उतरलं. त्या स्वयंपाकघरात येऊन पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. मागून लतिका आली आणि हळूच म्हणाली, “ताई, ही नका आता वाढू. मी पण केली होती, पण तुम्ही करताय म्हटल्यावर डबा गाडीतच ठेवला. आणते, तुमच्या पातेल्यात ओतू. कुणाला कळायचं नाही.”

नको म्हणायला छायाताईंनी तोंड उघडलं. पण बाहेर दुसऱ्या पंगतीची पानं मांडली जात होती.

ती पंगत बोटं चाटून जेवली. “वा छायाताई! याला म्हणतात पाट्यावरची चटणी!” पहिल्या पंगतीतले गोपीनाथकाका पुन्हा चटणी चाखून ओरडले. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या लतिकाने.

छायाताई हसत हसत वाढत राहिल्या. पाटा काय, पुढच्या सुट्टीत गावाकडून, सांगलीहून, आणता आला असता. हिच्यासारखं मन कुठून आणायचं? लतिकाचा इतका राग त्यांना आजवर कधीच आला नव्हता.