पोहेवाल्या ताई

ज्या घरी जायचं त्या घरासमोर ताईंनी कधी स्कूटर लावली नाही. हिंदी मुलखातल्या आमच्या नानाखेडा कॉलनीत कुणाकडेही काम असो, स्कूटर उभी कोपऱ्यावरच्या पोहे-जलेबीच्या दुकानापुढे. त्यामुळे या बाईला पोह्यांचं भारी वेड आहे, अशी कॉलनीची खात्री झाली आणि त्यांचं नाव पोहेवाल्या ताई पडलं. खरं तर पोह्यांनी त्यांना पित्त व्हायचं.

ताई सरकारी दवाखान्याच्या मानसिक आरोग्य विभागात समाजसेविका होत्या. डॉक्टर गोळ्या लिहून देत. त्या पोटात जातात की तुळशीच्या कुंडीत, हे घरोघरी जाऊन बघणं ताईंचं काम. पण स्कूटर दारात दिसून त्या कुठल्या हे फुटलं की त्या घरातल्या मुलीचं लग्न अडलंच म्हणून समजा. म्हणून घरचेच त्यांची ओळख बदलून सांगत. कुठे त्या विमा एजंट, कुठे पुण्याच्या आत्याची नणंद. ताईंची हरकत नसे. "मला काहीही म्हणा, गोळी तेवढी चुकवू नका," एवढंच त्या म्हणत.

विभागाचं काम मात्र गाजावाजानं चाले. दरवर्षी टावर चौकातून रॅली निघे. डोक्यावर टोप्या, हातात फलक, पुढे विभागाचे साहेब, त्यांच्याही पुढे फोटोग्राफर. "खुलकर बोलो" अशा घोषणा देऊन झाल्या की सगळे समोसे खात आणि गुपचूप पांगत. रॅलीत चालणाऱ्या सगळ्यांची तब्येत उत्तम असते, असं ताई गंभीर चेहऱ्यानं सांगत.

मग आमच्याच घरावर वेळ आली. दादा शाळेत गणित शिकवायचा. वर्गातली मुलं, रस्त्यावरची माणसं, सगळी आपल्याविषयीच कुजबुजतात असं त्याला वाटू लागलं आणि तो खोलीबाहेर येईनासा झाला. आईनं शाळेला कावीळ झाल्याचं कळवलं. झालं. अख्ख्या मराठी समाजातून उसाचा रस आणि मुळे येऊ लागले. काविळीचा मान मोठा. तो सगळा रस मला प्यावा लागला.

ताई आल्या त्या, आईच्या म्हणण्यानुसार, दादासाठी स्थळ घेऊन. शेजारच्या काकूंनी हे इतकं मनावर घेतलं की आपल्या मुलीची पत्रिकाच ताईंच्या हातात ठेवली. ताईंनी तिचं लग्न देवासच्या मुलाशी जमवूनही दिलं. आमच्याकडे मात्र त्या दादाच्या बंद दाराशी स्टूल टाकून बसत, आईबरोबर मेथी निवडत आणि बाजारातल्या गोष्टी बोलत. दादाला काही विचारत नसत. एक दिवस दादा आपणहून बाहेर आला आणि त्यानं चहा मागितला. औषध सुरू झालं. मधे बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या थांबवल्या, आणि ताईंचं स्टूल पुन्हा दाराशी आलं. बरेच महिने गेले, पण दादा शाळेत परतला.

आईची धास्ती जात नव्हती. शाळेला खरं कळलं तर नोकरी जाईल. लोक काय म्हणतील, हेच ती सारखं विचारी.

"लोक तर माझ्या पोह्यांबद्दल पण बोलतात, वहिनी," ताई म्हणाल्या. "बोलू द्या न. मुलगा ठीक होऊन राहिला आहे, ते बघा."

ताई निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यात निरोप समारंभ झाला. खुर्च्या रिकाम्या. ज्या घरांसाठी त्यांनी उन्हातान्हात खेटे घातले, त्यांतलं कुणी येणं शक्यच नव्हतं. येणं म्हणजे कबूल करणं. साहेब भाषणात म्हणाले की ताईंचं काम चांगलंच असणार, फक्त फारसं दिसलं नाही. ते खाली बसतात न बसतात तोच दादा आईला आणि मला घेऊन आत शिरला आणि थेट पहिल्या रांगेत बसला. आईनं रिक्षातच त्याला परत फिरायला सांगून पाहिलं होतं.

साहेबांनी कौतुकानं विचारलं, "आप लोग किस विभाग से?"

दादा उभा राहिला. "विभाग से नहीं, सर. मैं ताई का पेशंट हूँ."

साहेबांची खुर्ची जराशी मागे सरकली. आईनं माझा हात घट्ट धरला.

"घबराइए मत," दादा शांतपणे म्हणाला. "आपके पोते को गणित मैं ही पढ़ाता हूँ."

ताईंना रडू आवरेना. मग आई माझा हात सोडून व्यासपीठावर गेली आणि सगळ्यांदेखत ताईंच्या गळ्यात पडली.

साहेबांनी नातवाला काढून घेतलं असेल, असं धरूनच दादा दुसऱ्या दिवशी वर्गात गेला. साहेबांचा नातू पहिल्या बाकावर वही उघडून बसला होता.