गाडीची हमाली

“शेवटचा आकडा सांग!” कांद्याचा लिलाव असो की बैलाचा सौदा, सायखेड्याचे खंडेराव एवढंच म्हणायचे. पण नाशिकच्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये ते पाटीवरची किंमत हाच शेवटचा आकडा धरून तेवढेच पैसे घेऊन गेले. संध्याकाळी बायकोला, सिंधुबाईंना, नव्या गाडीवर बसवायचं होतं.

सेल्समनने किमतीखाली नोंदणी, विमा आणि हँडलिंग चढवलं.

“हँडलिंग म्हंजी?”

“गाडी ट्रकमधून उतरवायचा खर्च, काका.”

“म्हंजी हमालीच की! कांदा विकला तरी हमाली आमची, गाडी घेतली तरी आमचीच?”

सेल्समनने हसत ती ओळ खोडली. तरी नोंदणी-विम्याला पैसे कमी पडले. खंडेरावांनी घरून आणलेला झेंडूचा हार हँडलला घातला.

“उद्या येतो. तवर हलवू नको हिला, हमाली लागंल!”

ते बसस्टँडकडे चालू लागले. सेल्समन हार नीट करत काचेतून पाहत राहिला.